प्रत आहे, पण परत मिळेल काय?

जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरून डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे ७७ टेराबाइट इतकी संशोधनाची सामग्री पुसली गेली. १४ डिसेंबरच्या सायंकाळपासून १६ डिसेंबरच्या दुपारपर्यंत, म्हणजे पुरत्या दोन दिवसांहूनही कमी अवधीत, सुमारे तीन कोटी चाळीस लाख फायली नाहीशा झाल्या. चौदा संशोधन-गटांना त्याची झळ पोहोचली, आणि त्यांतील चार गटांच्या फायली राखीव प्रतीतूनही परत आणता येणार नाहीत असे विद्यापीठाला जाहीर करावे लागले. आग लागली नव्हती, भूकंप झाला नव्हता, बाहेरच्या कोणी घुसखोरी केली नव्हती. राखीव प्रत घेण्यासाठी जी व्यवस्था उभारलेली होती, तिच्यातच केलेल्या एका सुधारणेतून हा नाश ओढवला. कुंपणानेच शेत खाल्ले, ही म्हण इतक्या शब्दशः खरी ठरल्याचे उदाहरण विरळाच.

या घटनेला काही वर्षे लोटली आहेत. तरीही तिचा विचार आपल्याकडे होणे अगत्याचे आहे, कारण भारतातही सार्वजनिक पैशातून अशीच यंत्रे मोठ्या संख्येने उभी राहत आहेत. २०१५ साली केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला मंजुरी दिली. पुण्याचे सी-डॅक आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्याकडे त्याची अंमलबजावणी सोपविण्यात आली. मार्च २०२५ पर्यंत या योजनेखाली ३४ महासंगणक बसविले गेले असून त्यांची एकत्रित गणनक्षमता ३५ पेटाफ्लॉप असल्याचे सरकारने सांगितले. एक पेटाफ्लॉप म्हणजे दर सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी आकडेमोड. ही प्रगती निःसंशय अभिमानास्पद आहे. तथापि ज्या आकड्याने ती मोजली जाते, तो आकडा वेगाचा आहे. या यंत्रांनी जे निर्माण केले त्यापैकी किती जपून ठेवले जाते, आणि उद्या ते पुसले गेले तर किती दिवसांत परत आणता येईल, हा आकडा त्याच्या शेजारी सहसा आढळत नाही.

फलाटावरचे गाठोडे

संशोधन-संस्थेतील महासंगणक हे एकच अवाढव्य यंत्र नसते. शेकडो संगणक तारांनी एकमेकांस जोडून त्यांचा एक समूह केलेला असतो. त्यालाच क्लस्टर म्हणतात. अनेक विभागांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी आपापली कामे रांगेत लावतात, पाळी आली की यंत्र ती करते, आणि निष्कर्ष एका सामायिक साठ्यात लिहून ठेवते. या साठ्याचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिला भाग प्रत्येकाच्या नावाने राखलेला, लहान आणि नियमितपणे प्रत घेतला जाणारा. दुसरा भाग प्रचंड मोठा, वेगवान आणि तात्पुरत्या कामासाठी ठेवलेला. त्याला ‘स्क्रॅच’, म्हणजे कच्ची वही, असेच नाव आहे. त्याची राखीव प्रत बहुधा घेतली जात नाही, आणि काही आठवडे हात न लागलेल्या फायली तेथून काढून टाकण्याचा नियम बहुतेक केंद्रांत असतो.

रेल्वे स्थानकाच्या भाषेत सांगावयाचे तर पहिला भाग पावती घेऊन सामान ठेवण्याच्या खोलीसारखा आहे, आणि दुसरा उघड्या फलाटासारखा. अडचण अशी की खोली लहान आणि फलाट ऐसपैस. पीएच.डी.चा विद्यार्थी तीन वर्षांचे काम फलाटावरच मांडून बसतो. तेथे जागा असते, काम वेगाने होते, आणि आजवर काही हरवलेले नसते. नियम काय आहे हे त्याला खाते उघडताना कळविलेले असते. पण बॅंकेच्या अर्जामागील बारीक अक्षरातील अटी जितके लोक वाचतात, तितकेच लोक हेही वाचतात.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. एखादी डिस्क बिघडली तरी काही हरवू नये, अशा रीतीने मोठ्या साठ्यांतील डिस्कची रचना केलेली असते. त्यामुळे आपला मजकूर सुरक्षित आहे असे वापरणाऱ्यास वाटते. वस्तुतः ही योजना यंत्राच्या बिघाडापासून संरक्षण देते, मनुष्याच्या चुकीपासून देत नाही. पुसण्याची आज्ञा झाली की साठा ती आज्ञा सर्वत्र तत्परतेने पाळतो. आरशातील प्रतिमेला राखीव प्रत म्हणता येत नाही. समोरची वस्तू उचलली की आरशातूनही ती त्याच क्षणी जाते.

कारकुनाच्या हातातील कागद

क्योटोत नेमके काय घडले ते पाहण्यासारखे आहे. राखीव प्रत घेणारा कार्यक्रम रोज जी नोंदवही तयार करी, तिच्यातील दहा दिवसांहून जुन्या नोंदी आपोआप काढून टाकण्याची त्यात तरतूद होती. हा कार्यक्रम अधिक सुवाच्य व्हावा म्हणून यंत्र पुरविणाऱ्या कंपनीने त्यात काही बदल केले आणि सुधारलेली प्रत जुन्या प्रतीच्या जागी ठेवली. जुना कार्यक्रम त्या वेळी चालूच होता. असे कार्यक्रम यंत्र एकदम पाठ करून घेत नाही, ओळीमागून ओळ वाचत पुढे जाते. त्यामुळे सुरुवात जुन्या कागदावर झाली आणि शेवट नव्यावर.

एखाद्या कचेरीत असे घडले तर कसे होईल? ‘कपाट अमुक क्रमांकाचे, त्या कपाटातील दहा दिवसांपूर्वीचे कागद रद्दीत टाक’ असा हुकूम कारकुनाच्या हाती दिलेला आहे. तो अर्धा वाचून होतो न होतो तोच कोणी तो कागद काढून घेऊन नवा देतो. नव्या हुकुमात कपाटाला वेगळे नाव दिलेले आहे, आणि ते नाव ज्या ओळीत सांगितले आहे ती ओळ तर कारकुनाने वाचलेलीच नाही. कपाटाच्या नावाची जागा त्याच्या लेखी कोरी राहते. माणूस असता तर तो थांबून साहेबांना विचारता. यंत्राने विचारले नाही. नोंदवहीऐवजी त्याने संशोधनाच्या मुख्य साठ्यातील, दहा दिवसांहून अधिक काळ बदल न झालेल्या फायली काढून टाकण्यास आरंभ केला. यातील दैवदुर्विलास असा की, ज्या फायलींवर काम चालू होते त्या वाचल्या आणि पूर्ण होऊन शांतपणे पडून असलेले काम गेले.

यंत्र पुरविणाऱ्या ह्युलेट पॅकार्ड कंपनीच्या जपानी शाखेने या नाशाची संपूर्ण जबाबदारी आपली असल्याचे लेखी मान्य केले. विद्यापीठाने तारीख, वेळ, फायलींची संख्या आणि कारण हे सर्व प्रसिद्ध केले. या दोन्ही गोष्टी प्रशंसनीय आहेत. परंतु जबाबदारी मान्य झाल्याने चार गटांच्या फायली परत आल्या नाहीत. नुकसानभरपाई पैशात देता येते, हरवलेले निरीक्षण पैशात देता येत नाही. म्हणूनच पुरवठादाराशी केलेल्या करारात कलम घालून या प्रश्नातून सुटता येत नाही.

दृश्य खर्च, अदृश्य लाभ

ही केवळ तंत्रज्ञांची बाब आहे असे समजून अर्थशास्त्राने आणि लोकमताने तिच्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे. मुळात हा प्रश्न अंदाजपत्रकाचा आहे. महासंगणकाची खरेदी हा भांडवली खर्च. त्याची निविदा निघते, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. राखीव प्रतीसाठी लागणाऱ्या चुंबकीय फिती, दुसऱ्या ठिकाणची जागा, वीज आणि हे सर्व सांभाळणारी दोन-चार अनुभवी माणसे हा आवर्ती खर्च. तो दरवर्षी करावा लागतो, आणि तो यशस्वी झाला तर काहीच घडत नाही. ज्या खर्चाचे फळ ‘काहीही न घडणे’ हे असते, तो कपातीच्या वेळी पहिला बळी ठरतो. धरण पुरे झाले पण पाटचाऱ्या राहून गेल्या, इमारत उभी राहिली पण रंगसफेदीला पैसा नाही, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. महासंगणकाच्या बाबतीत फरक एवढाच की राहून गेलेली पाटचारी शेतकऱ्याला दिसते, न घेतलेली प्रत कोणालाच दिसत नाही.

दुसरा मुद्दा हानी कोण सोसतो याचा. खर्चाचा निर्णय संस्थेचे प्रशासन घेते, यंत्र कंपनी सांभाळते, पण फायली गेल्या तर वर्षे वाया जातात ती विद्यार्थ्याची. ज्याच्या हाती निर्णय त्याला झळ नाही, आणि ज्याला झळ त्याच्या हाती निर्णय नाही, अशी स्थिती असेल तेथे सावधगिरीवर पुरेसा खर्च होणार नाही. यात कोणाच्या दुष्टाव्याचा प्रश्न नाही, ती त्या व्यवस्थेचीच परिणती आहे. शिवाय सामायिक साठा हा सर्वांचा असल्यामुळे तो जपणे हे कोणा एकाचे काम राहत नाही. विद्यार्थी समजतो केंद्र पाहील, केंद्र समजते ज्याचे काम तो पाहील.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. साठे इतके मोठे झाले आहेत की सर्वच मजकुराची प्रत ठेवणे परवडणारे नाही. हे खरे आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष प्रत न ठेवण्याचा नसून निवड करण्याचा आहे. संशोधनाच्या सामग्रीत तीन प्रकार उघड दिसतात. गणिताच्या मधल्या पायऱ्या गेल्या तर पुन्हा करता येतात. त्यांची प्रत ठेवणे हा बहुधा अपव्यय होय. अंतिम निष्कर्ष गेले तर पुन्हा काढता येतात, मात्र त्यासाठी यंत्राचे आठवडे खर्ची पडतात. येथे पुन्हा काढण्याचा खर्च अधिक की जपण्याचा, हा हिशेब मांडता येतो. तिसरा प्रकार निरीक्षणांचा आणि माणसाने लिहिलेल्या आज्ञावलींचा. त्यांना पर्याय नाही.

पुणे जिल्ह्यातीलच उदाहरण घ्यावयाचे तर खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण प्रकल्पाला २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील एक महासंगणक मिळाला. अवकाशातील क्षणिक रेडिओ स्फोटांचा अभ्यास हा त्याचा एक हेतू सांगितला गेला. असा स्फोट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या मानाने मोजावा इतकाच काळ टिकतो, आणि बहुतेक स्फोट पुन्हा झाल्याचे आढळलेले नाही. त्याची नोंद पुसली गेली तर आकाशाला तो पुन्हा घडविण्याची विनंती करता येत नाही. एखाद्या गावी एखाद्या दिवशी पडलेल्या पावसाची नोंदही तशीच. ती पुन्हा घेणे कोणत्याही वेगाच्या यंत्राला शक्य नाही.

निवड जाणीवपूर्वक केली नाही तर टंचाई ती निवड करते. १९६९ साली मानव चंद्रावर उतरला, त्या वेळी पृथ्वीवरील केंद्रांनी मूळ संकेत चुंबकीय फितींवर उतरवून घेतले होते. दूरचित्रवाणीवर जगाने पाहिलेल्या चित्रापेक्षा अधिक स्पष्ट चित्र त्या फितींत होते. पुढे त्यांचा दीर्घ शोध घेण्यात आला, आणि फितींचा तुटवडा असताना त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष ‘नासा’ने २००९ साली जाहीर केला. चांद्रविजयाची मूळ नोंद नष्ट करावी असा ठराव कोणी केला नव्हता. ती जपावी असाही कोणी केला नव्हता.

परीक्षा परत आणण्याची

प्रत घेतली म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. गिटलॅब या संगणक-सेवा कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका तंत्रज्ञाच्या हातून मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. राखीव प्रतीच्या एकाहून अधिक पद्धती तेथे लावलेल्या होत्या. प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा नित्याच्या प्रतींची जागा रिकामी आढळली. प्रत घेण्याचे काम बरेच दिवस अयशस्वी होत होते, आणि तसे कळविणारी पत्रे कंपनीच्याच टपालव्यवस्थेत नाकारली जात होती. काही तासांपूर्वी दुसऱ्याच कारणाने घेतलेली एक प्रत सुदैवाने हाती लागली, म्हणून हानी सुमारे सहा तासांच्या कामापुरती मर्यादित राहिली. ती कंपनी संगणकातील जाणकारांची होती, हे येथे ध्यानात घ्यावे. संत तुकारामांची गाथा इंद्रायणीने तारली, अशी आपली श्रद्धा आहे. पण इंद्रायणी प्रत्येकाची वही परत करील या भरवशावर संस्था चालविता येत नाहीत.

परत आणण्याला वेळही लागतो, आणि त्याचा हिशेब साध्या भागाकाराचा आहे. एक पेटाबाइटचा साठा दर सेकंदाला एक गिगाबाइट या गतीने परत भरावयाचा ठरविला, तर अखंड साडेअकरा दिवस लागतात. फायली लहान आणि कोट्यवधी असतील तर याहून कितीतरी अधिक, कारण प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे उघडून लिहावी लागते. हवामानाचा अंदाज उद्या सकाळी हवा असेल, तर पंधरवड्याने मिळणारी प्रत असून नसल्यासारखीच.

प्रत कोठे ठेवली आहे हाही प्रश्न तितकाच मोलाचा. दक्षिण कोरियातील देजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी माहिती-केंद्राला आग लागली. शासकीय नोकरांनी आपले कामाचे कागद ज्या सामायिक साठ्यात ठेवावेत अशी व्यवस्था होती, तो ८५८ टेराबाइटचा साठा तीत जळाला. त्याची बाहेर कोठेही प्रत नव्हती, आणि न ठेवण्याचे कारण साठा फार मोठा आहे असे देण्यात आले. हे केंद्र संशोधनाचे नव्हते; परंतु ‘फार मोठा आहे म्हणून प्रत नाही’ हे वाक्य कोणत्याही विद्यापीठाच्या संगणक केंद्रात ऐकू येईल असे आहे. जे हरवले तर सर्वाधिक नुकसान, तेच सर्वांत असुरक्षित, असा या तर्काचा अर्थ होतो.

उपाय आवाक्यातले

या बाबतीत करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. महासंगणकाला मंजुरी देतानाच त्याच्या आयुष्यभराच्या जतनाचा आवर्ती खर्च त्याच आदेशात मंजूर व्हावा, आणि तो अन्यत्र वळविता येऊ नये. अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ पासून अनुदानाच्या अर्जासोबत सामग्रीच्या व्यवस्थापनाची योजना जोडणे आवश्यक केले आहे. आपल्याकडील अनुदान देणाऱ्या संस्थांनी योजनेबरोबर त्यासाठीचा पैसाही मागावयास लावावा. एरवी ती योजना अर्जाचे आणखी एक पान होऊन राहील.

प्रत्येक केंद्राने कोणत्या भागाची प्रत घेतली जाते, किती दिवसांनी, किती काळ ठेवली जाते आणि कशाची मुळीच घेतली जात नाही, हे एका पानात, सोप्या भाषेत, दर्शनी लावावे. राखीव प्रत दुसऱ्या गावी असावी, आणि मूळ साठा पुसू शकणाऱ्या हाताला ती पुसता येऊ नये. बॅंकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. त्यामागे दोघांपैकी कोणावर अविश्वास नसतो. एकाच्या चुकीने तिजोरी उघडी राहू नये एवढाच त्याचा हेतू. पुण्यातील, मुंबईतील आणि बंगळूरमधील संस्थांनी एकमेकांच्या फिती सांभाळण्याचा करार केला, तर त्याला नव्या इमारतीची गरज पडणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षातून निदान दोनदा, कोणताही एक गट निवडून त्याच्या फायली राखीव प्रतीतून प्रत्यक्ष परत आणून दाखवाव्यात, आणि किती तास लागले, किती फायली आल्या नाहीत, हे वार्षिक अहवालात छापावे. आणि अपघात झाला तर तो लपविला जाऊ नये. रेल्वेचा मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडून त्याची चौकशी होते. कोणाला दोषी ठरविता येवो न येवो, त्या चौकशीतून पुढच्या गाडीचा प्रवास अधिक सुरक्षित व्हावा ही अपेक्षा असते. सार्वजनिक पैशातील संशोधन-सामग्रीच्या नाशाला तीच रीत लागू करण्यास हरकत नसावी. क्योटो विद्यापीठाने आपली चूक आकड्यांनिशी जगापुढे मांडली, म्हणूनच आज इतरांना तिच्यापासून शिकता येते.

या सर्वांचा खर्च यंत्राच्या किमतीच्या तुलनेत थोडा आहे, परंतु तो दरवर्षी येणारा आहे, आणि त्याचे उद्घाटन होत नाही. पुढील महासंगणकाचा प्रस्ताव जेव्हा मंजुरीसाठी येईल, तेव्हा त्याच्या पेटाफ्लॉपांची संख्या विचारली जाईलच. त्याचबरोबर, यातील सामग्री गेल्या वर्षी कोणत्या तारखेला परत आणून पाहिली, हा प्रश्न संसदेतील सदस्यांनी, विद्यापीठांच्या अधिसभांनी आणि स्वतः संशोधक विद्यार्थ्यांनी विचारावयास हवा. त्याला तारखेचे उत्तर मिळाले नाही, तर प्रत घेतली जाते हे आश्वासन कागदावरचेच समजावे.